जुन्या हंबरला पावडर कोटिंग, डिस्क ब्रेक वगैरे करायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाईच्या जुन्या घरात पडवीत आजोबांची हंबर सायकल सापडलीय, २४ इंची फ्रेम, २८ ची चाकं, रॉड ब्रेक (केबलऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे), मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या नळीत) तीन गिअर पण चालतो एकच आणि तोही जड, काळ्या रंगावर गंजाचे ठिपके. मेकॅनिक म्हणतो पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, विचित्र आहे तो बदला, गिअरचं हब काढून साधं फ्रीव्हील टाका आणि फ्रेम पावडर कोटिंगला द्या. मुलाचं म्हणणं डिस्क ब्रेक लावू आणि पाचगणीला चढवू.

मेकॅनिकच्या तिन्ही सूचना बाजूला ठेवा, चिरंजीवांची अर्धी सूचना ऐकू. फ्रेम, फोर्क, हब आणि रंग यांना हात लावायचा तो फक्त साफसफाईला. पैसे घालायचे ते बेअरिंग, टायर, ब्रेक रबर, कॉटर (पॅडलचा दांडा एक्सलला घट्ट धरणारी पाचर), केबल यांच्यात. आणि कस्टमाइज करायची हौस असेल तर जरूर करा पण बदल असा हवा की उद्या कुणाच्या मनात आलं तर नुसता पाना घेऊन बसलं की सायकल परत होती तशी झाली पाहिजे. वेल्डिंग, ड्रिल आणि ग्राइंडर हे या सायकलच्या आसपास फिरकू देऊ नका.

आता आधी ती खरंच विलायती आहे का ते बघा. आपल्याकडे ‘इंग्लिश सायकल’ म्हणून सांगतात त्यातल्या बऱ्याच भारतात बनलेल्या असतात, स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि आसनसोलजवळ सेन-रॅलेच्या कारखान्यात रॅले या इंग्लिश कंपनीच्या घरातल्या सायकली बनायला लागल्या, मद्रासला टी आय सायकल्स १९४९ मध्ये उभी राहिली आणि तिथून हर्क्युलस, फिलिप्स, बी एस ए बाहेर पडायच्या. त्या वाईट नव्हत्या उलट उत्तमच होत्या, पण पार्ट शोधताना फरक पडतो. हेडट्यूबवरचा, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीवरचा बिल्ला नीट पुसून वाचा, नॉटिंगहॅम, इंग्लंड लिहिलेलं असेल तर झालं. मग मागच्या हबच्या नळीवर बघा, स्टर्मी-आर्चर (गिअरची हबं बनवणारी कंपनी) असं कोरलेलं असेल, त्याच्याशेजारी ए डब्ल्यू (तीन गिअरच्या हबचं मॉडेल) ही अक्षरं आणि दोन आकडे. उदाहरणार्थ ५५ आणि ४ असेल तर ते हब १९५५ च्या एप्रिलमधलं. चाक मध्ये कधी बदललं नसेल तर सायकलही साधारण त्याच वर्षाची. फ्रेम नंबरवरून साल काढायच्या भानगडीत पडू नका, रॅलेच्या नंबरांचा गोंधळ भल्याभल्यांना सुटलेला नाही.

रॅले मध्येच कुठून आली म्हणाल तर हंबर ही टॉमस हंबरची नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनची कंपनी, पण तिचा सायकलचा धंदा १९३२ साली रॅलेने घेतला. १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ घेतली, १९५७ मध्ये बी एस ए चा सायकल विभाग घेतला. त्यामुळे तुमची हंबर ही आतून रॅलेच आहे, बाहेरून दोन खुणा हंबरच्या ठेवल्यात, एक म्हणजे चेनव्हीलमध्ये (पॅडलपाशी साखळी फिरवणाऱ्या चक्रात) कापलेली पाच माणसांची आकृती (रॅलेला बगळ्याची मान असते, रजला हाताचा पंजा), आणि दुसरी म्हणजे तो ‘विचित्र’ फोर्क.

तर तो फोर्क. प्रत्येक बाजूला एक जाड नळी असायच्या ऐवजी दोन बारीक नळ्या, याला डुप्लेक्स फोर्क म्हणतात आणि हंबरची ओळखच ती आहे. तो काढून बाजारातला फोर्क टाकला की उरते ती कुठलीही काळी सायकल. शिवाय बाजारातला बसेलच याची गॅरंटी नाही, कारण रॅलेने स्वतःचे वेगळे आटे ठेवले होते, फोर्कच्या वरच्या नळीला आणि खालच्या बीबीला (बॉटम ब्रॅकेट, पॅडलचा एक्सल बसतो ती नळी) दोन्हीकडे एका इंचात २६ आटे, आणि बाकी बऱ्याचशा जगात तिथे २४. मेकॅनिक काय करतो, दोन आटे हाताने बसले की पुढे पान्याने दामटतो, आणि मग फ्रेममधले आटे कायमचे गेले. बेअरिंगचे नवीन कप किंवा कोन घ्यायच्या आधी थ्रेड गेज लावून बघा, ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि महाग नसतं. फोर्कची तपासणी मात्र नीट करा, वरच्या क्राउनपाशी चारही नळ्यांच्या मुळाशी रंगाला केसासारखी चीर दिसते का ते बॅटरी मारून बघा. चीर असेल तर ती सायकल चालवायची नाही, विषय संपला. वाकलेला असेल तर फोर्क सरळ करणाऱ्या साध्या दुकानात नेऊ नका, एकेरी नळीचा फोर्क ते पाइप घालून ओढतात तसं या बारीक नळ्यांना केलं तर चेपतात. ब्रेकच्या सळ्यांना धरणाऱ्या याच्या क्लिपा पण वेगळ्या असतात, गोल नळीच्या चालत नाहीत, त्या हरवल्या तर मिळणं मुश्कील.

सायकल खोलायला सुरुवात करायच्या आधी मोबाइलवर ढीगभर फोटो काढा, विशेषतः रॉड ब्रेकचे, कुठली सळी कुठल्या बाजूने गेली हे नंतर आठवत नाही. सगळ्या नटांना केरोसिन आणि ऑइल अर्धं अर्धं करून दोन तीन दिवस पाजत ठेवा. सीटपोस्ट हलत नसेल तर फ्रेम उलटी करून बीबीच्या बाजूने आतून सोडा, वरून कितीही ओतलं तरी ते उतरत नाही.

सगळ्यात जास्त सायकली खराब होतात त्या कॉटर काढताना. क्रँक (पॅडलचा दांडा) हवेत लोंबकळत असताना वरून हातोडी हाणली की सगळा मार बीबीच्या छर्ऱ्यांवर आणि कपवर जातो आणि तिथे खड्डे पडतात, मग नवीन छर्रे टाकले तरी पॅडल मारताना कटकट राहते. करायचं असं की क्रँकच्या खाली जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवायचा, कॉटरचं टोक पाइपच्या पोकळीत येईल असा, नट अर्धा सैल करून आट्यांच्या तोंडाशी आणायचा म्हणजे आटे पसरत नाहीत आणि जड हातोडीचा एकच दणका द्यायचा. बारीक हातोडीने दहा वेळा टकटक केलं तर कॉटर फुगून आणखी घट्ट बसते. त्यापेक्षा मोठ्या बेंच व्हाइसमध्ये दाबून काढता आली तर फारच छान. नवीन कॉटर ९.५ मिलिमीटरची घ्या, आणि दुकानातून आणली तशी ठोकून बसवू नका, तिची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासत एक्सलच्या खाचेत पूर्ण टेकेल अशी करायची. दोन्ही बाजूच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या नाहीतर दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. स्वस्त कॉटर मऊ असतात, चावल्यासारख्या होतात, चार पैसे जास्त देऊन कडक घ्या. बीबीमध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला ११, सुटे. जुने पुसून परत घालू नका, छर्ऱ्यांची पुडी मिळते कितीला!

आता रंग. पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश तापमान असतं, त्याने सांध्यांचं ब्रेझिंग (नळ्या जोडणारा पितळी डाख) वितळेल वगैरे जे सांगतात त्यात काही अर्थ नाही, ब्रेझिंग त्याच्या कितीतरी वर वितळतं. नुकसान वेगळंच आहे. कोटिंगच्या आधी सँडब्लास्टिंग करतात, त्यात फ्रेम नंबर बुजतो, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा जातात, ट्रान्स्फर (रंगावर चिकटवलेली नावं, चित्रं) जातात, आणि त्या काळचा भट्टीत भाजलेला काळा इनॅमल जातो जो आज ६०-७० वर्षांनीही घासला की चमकतो. वरून पावडरचा थर जाड, लगच्या, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरच्या खोबण्यांच्या, धारदार कडा सगळ्या गोलमटोल होतात, लेमिनेट केलेल्या आधारकार्डासारखी दिसते फ्रेम. रंग ७० टक्के जरी शिल्लक असेल तरी मी रंगवत नाही.

मग गंजाचं काय करायचं, तर आधी कोमट पाण्यात थोडा भांड्याचा साबण घालून मऊ फडक्याने सगळी धूळ आणि ऑइलची कीट काढा. थिनर, पेट्रोल ट्रान्स्फरच्या आसपास नको, क्षणात जातात. गंजलेल्या भागाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, पावडर मिळते, एक लिटर पाण्यात २०-३० ग्रॅम, फडकं भिजवून गंजावर ठेवा आणि वर प्लॅस्टिक गुंडाळा, दर तासाला बघा. गंज खातं पण चांगल्या रंगाला सहसा काही करत नाही, तरी आधी चेनकव्हरच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघाच. हे विषारी असतं, हातमोजे, उघडी हवा, आणि लहान मुलं, जनावरं लांब. झालं की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र अजिबात नको, ते क्रोम उचलतं, आणि सीटच्या स्प्रिंगला लावलं तर स्प्रिंग ठिसूळ होऊन एक दिवस तुटते. क्रोमवरच्या गंजाला स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि पाणी पुरतं, विश्वास बसत नाही पण खरंच पुरतं. शेवटी पेंटच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, फडक्याने पुसल्यासारखं अगदी पातळ लावा, दोन दिवसांत सुकतं आणि वाईच्या पावसाळ्यात गंजाला थोपवून धरतं. एक महत्त्वाचं, ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून सुकवा.

फ्रेमवर नगरपालिकेच्या सायकल कराचा जुना बिल्ला अडकवलेला असेल तर तो तिथेच राहू द्या. लोक काढून फेकतात, का ते मला कळत नाही.

गिअरचं हब ‘गेलेलं’ आहे असं तुमच्या मेकॅनिकने सांगितलं, आणि तुम्ही लिहिलंय की एकच गिअर लागतो आणि तो जड आहे. यातच निदान आहे. ए डब्ल्यू हबची रचना अशी की केबल ओढलेली नसेल तर ते तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात जड गिअरला राहतं. म्हणजे हब धडधाकट आहे, केबल तुटलीय किंवा एक्सलमधून बाहेर येणारी ती बारीक साखळी तुटलीय, बस्स. स्टर्मी-आर्चरची हबं सहसा मरत नाहीत, तेल न मिळाल्याने उपाशी राहतात. हबच्या नळीवर एक छोटं झाकण असतं, ते उघडून आधी थोडं केरोसिन सोडा, चाक हाताने दोन्हीकडे भरपूर फिरवा, काळं पाणी गळून जाऊ द्या, असं दोन तीनदा, आणि मग चमचाभर साधं पातळ मशीन ऑइल, २० ग्रेडचं चालतं. आत ग्रीस भरायचं नाही!! आतली छोटी पॉल्स (खटके) केसाएवढ्या स्प्रिंगवर उघडतात, ग्रीसमध्ये ती चिकटली की पॅडल नुसतंच फिरतं. खोबरेल किंवा घरातलं कुठलं खायचं तेल पण नको, त्याचा डिंक होतो.

मग नवीन केबल टाकली की अ‍ॅडजस्टमेंट. बारीक साखळी एक्सलमध्ये पूर्ण आत फिरवून घ्या आणि केबलच्या रेषेत येईपर्यंत फार तर अर्धा फेरा मागे. उजव्या बाजूच्या लांब नटला खिडकी असते, ट्रिगर (हँडलवरचा गिअरचा खटका) मधल्या दोन नंबरवर ठेवून त्या खिडकीतून बघायचं, आतल्या सळीचं टोक एक्सलच्या टोकाशी अगदी बरोबर लेव्हलला आलं पाहिजे. हे चुकलं तर दोन आणि तीनच्या मध्ये हब न्यूट्रलला जातं, उभं राहून पॅडल मारताना पाय एकदम खाली जातो आणि माणूस दांडीवर आपटतो. त्यामुळे हे काम दुसऱ्यावर सोपवलं तरी खिडकीतून स्वतः बघून घ्या. एवढं करूनही आत काही तुटलेलं निघालं तर पार्ट मिळतात, स्टर्मी-आर्चर २००० साली सनरेसने घेतली आणि आता तैवानमध्ये ए डब्ल्यूची पुढची पिढी बनते, जुन्या हबचे बरेच पार्ट इंग्लंडमधले विक्रेते पोस्टाने पाठवतात. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच, पण तिथे अख्खं हब मिळालं तर घ्या, सुटे पार्ट ओळखू येत नसतील तर नका घेऊ.

जाता जाता, पुढचं हब डब्याएवढं जाड असेल आणि त्यातून वायरचे दोन स्क्रू बाहेर असतील तर तो डायनोहब आहे, म्हणजे चाकातच बसवलेला ६ व्होल्टचा डायनॅमो. तो उत्साहाने खोलू नका. लोहचुंबकाच्या रिंगमधून आतला भाग नुसता बाहेर ओढला की चुंबकाची ताकद त्याच क्षणी घटते, मध्ये लोखंडी कीपर (चुंबकाची ताकद राखणारी रिंग) सरकवत काढावा लागतो. नुसती दोन्हीकडची बेअरिंग साफ करा आणि एलईडी दिवा जोडा.

आता चिरंजीवांच्या पाचगणीकडे येतो. चढायचं असेल तर मागचं स्प्रॉकेट (साखळी बसते ते दात्यांचं चक्र) बदला, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी कस्टमायझेशन हेच, आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. तुमच्या चेनव्हीलला ४८ दाते आणि मागे १८ असतील असं धरून चालू (मोजून बघा). २८ च्या चाकाला मधल्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.९ मीटर जाते, ए डब्ल्यूचा हलका गिअर त्याच्या तीन चतुर्थांश म्हणजे ४.५, आणि जड गिअर एक तृतीयांशाने जास्त, ७.९ च्या आसपास. हा ७.९ वाला गिअर सपाट रस्त्यावर मागून वारा असेल तरच कामाचा. मागे २२ दाते टाकले की हेच आकडे ३.६, ४.९, ६.५ असे होतात, म्हणजे तिन्ही गिअर वापरात येतात. साखळी एक-दोन कड्या लांब लागते, जाडी १/८ इंची, ती आपल्याकडे कुठेही मिळते. अडचणी दोनच, एक तर फुल चेनकव्हर असेल तर मोठं स्प्रॉकेट आत घासतंय का बघावं लागतं, घासलं तर २० वर समाधान माना, आणि दुसरं म्हणजे जुन्या हबांना स्प्रॉकेट आट्यांवर बसतं, नंतरच्यांना तीन खाचा आणि एक रिंग असते. रिंगवालं असेल तर स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांचं काम.

उतरायचं असेल तर माझं मत वेगळं आहे. पसरणी घाट रॉड ब्रेकवर, क्रोमच्या स्टील रिमवर उतरायचा विचार सोडून द्या, कोरड्यात कसंबसं जमेल आणि पाऊस असला तर ब्रेक दाबल्यावर आधी काहीच होत नाही. मग डिस्क का नको, तर डिस्क ब्रेकचा सगळा पीळ फोर्कच्या खालच्या टोकाला एकाच बाजूला येतो, आणि तुमचा फोर्क दोन बारीक नळ्यांचा, त्यावर ब्रॅकेट वेल्ड करणं म्हणजे नळी जाळून कमकुवत करायची आणि मग तिच्यावरच सगळा भार द्यायचा. आतल्या ड्रम ब्रेकचं हब हा सभ्य पर्याय आहे, पण त्याचाही टेकू-दांडा फोर्कच्या एकाच पायाला बांधतात, म्हणून मी डुप्लेक्सला तोही लावणार नाही. अगदीच हवा असेल तर रॅलेचाच जुना, साधा, २६ आट्यांचा आणि तेवढ्याच लांब नळीचा फोर्क मिळवा, त्यात ड्रमचं चाक बसवा आणि हंबरचा फोर्क ऑइल लावून गुंडाळून ठेवून द्या. हँडलही वेगळं लागेल कारण रॉड ब्रेकचे लिव्हर हँडललाच जोडलेले असतात. आणि हब मागवताना भोकं मोजा, तुमच्या पुढच्या रिमला ३२ आहेत मागच्याला ४०, नवीन हबं बरीचशी ३६ ची येतात.

एवढं नाही करायचं तर रॉड ब्रेकच त्यांच्या परीने उत्तम चालतात, फक्त ते चाकाच्या सरळपणावर अवलंबून असतात. रबर रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे हबकडे तोंड असलेल्या भागावर टेकतं, त्यामुळे चाकात वरखाली उडी असेल तर ब्रेक धरतो-सोडतो. म्हणून आधी रिमचं आउट काढून घ्या आणि तेही जुन्या माणसाकडून, त्याला सांगा की डावंउजवं थोडं राहिलं तरी चालेल पण वरखाली नको. मग रबर आणि रिममध्ये तीनेक मिलिमीटर अंतर, दोन्ही रबर एकदम टेकली पाहिजेत. टायरबद्दल मात्र आपण नशीबवान, २८ × १ १/२ हा माप इंग्लंडात शोधावं लागतं आणि आपल्याकडे दूधवाल्याच्या सायकलला अजून तेच लागतं, टायरच्या कडेला ६३५ आकडा बघून घ्या म्हणजे झालं.

सीट ब्रूक्सचं (कातड्याची सीट बनवणारी इंग्लिश कंपनी) असेल आणि कातडं कडक झालं असेल तर त्याला तेलात बुडवू नका, कातडं सैल पडून झोळी होते. त्यांचंच मेण येतं ते वरून आणि खालून पातळ लावा, पुढचा टेन्शनचा नट पाव फेरा, त्याहून जास्त नको. फाटलं असेल तर सांगाडा जपून ठेवा, कातडं नवीन घालून देणारे चांभार आहेत.

रंग खरोखरच गेलेला असेल, म्हणजे बीबीच्या खाली किंवा मागच्या नळ्यांवर नाण्याने ठोकल्यावर आवाज बद्द येत असेल आणि पत्रा पोखरलेला असेल, तरच रंगवायचा विषय. मग पावडर नको, स्प्रेने काळा आणि रेघा हाताने, बुलेटच्या टाकीवर पट्टे ओढणारे पेंटर हे काम झकास करतात, त्यांना जुन्या रेघांचे फोटो आणि मापं द्या. ब्लास्टिंगच्या आधी नंबरवर आणि सगळ्या आट्यांवर टेप लावून घ्यायला स्वतः उभे राहा, आणि हेडचा बिल्ला रिवेट काढून आधीच घरी न्या. रिक्रोमला मात्र घाई करू नका, पॉलिश करताना पार्टवर कोरलेली अक्षरं घासून जातात, आणि हँडल, क्रँक यांच्यावर ती अक्षरंच तर बघायची असतात.

सगळं जुळलं की पहिले काही दिवस गावातल्या गावात, सपाटीवरच चालवा. ३०-४० किलोमीटर झाले की कॉटर परत एकदा ठोकून नट आवळा, त्या पहिल्यांदा बसताना हमखास थोड्या सैल पडतात आणि तसंच चालवत राहिलं तर एक्सलची खाच खाऊन टाकतात. त्याच वेळी आरे हाताने दाबून बघा आणि हबमध्ये थेंबभर ऑइल सोडा. डाव्या बाजूने थोडं गळेल, गळू दे, गळतंय म्हणजे आत आहे.